खते बुडाली, वह्या तरल्या



मराठी घरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर पैशाचे पहिले गाणे कोणते पडते, याचा आपण कधी विचार केला आहे का? ते पावसाचे गाणे आहे. पोर अंगणात उभे राहून पावसाला हाक मारते आणि येण्याबद्दल त्याला एक पैसा देऊ करते. पुढच्याच ओळीत तो पैसा खोटा निघतो, आणि पाऊस मात्र धो धो कोसळतो. आयाबायांच्या तोंडून चालत आलेले हे एवढेसे गाणे. पण त्यात केवढा सिद्धांत भरला आहे पाहा! पाऊस पैशाने येत नाही, आणि पैसा खोटा निघाला म्हणून अडूनही बसत नाही. जिवाला ज्याची खरी गरज आहे ते कृपेने येते. त्याचा भाव कोणी ठरवू शकत नाही. संतांनी जे अभंगाअभंगातून सांगितले, ते मराठी पोराला बोबड्या वयातच पाठ होते.

पैशावरची गाणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. अभंगात आहेत, भारुडात आहेत, फटक्यात आहेत, जलशात आहेत, सिनेमातही आहेत. त्या गाण्यांत काय म्हटले आहे ते आपण ऐकतो. परंतु ते ज्याने रचले, ज्याने गायिले, त्याच्या स्वतःच्या हातात पैसा आला तेव्हा त्याने काय केले, हे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक लोकांनी हे गाणे नेहमी गाणाऱ्याच्या हाताकडे बघूनच जोखले आहे. ‘पैसा माती आहे’ असे म्हणणाऱ्याची मूठ उघडी आहे की मिटलेली, हे समोर बसलेल्या अडाणी म्हातारीलाही दिसते. म्हणून आज गाण्यांबरोबर गाणाऱ्यांचाही इतिहास थोडा पाहू.

गाऊन दिलेली पावती

आधी वासुदेवाला वंदन करू. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या. पहाटे गाव जागे होण्याच्या वेळी तो दारात येतो, गातो, नाचतो. घरची लक्ष्मी सुपातून धान्य आणते, कोणी पैसा घालतो. मग वासुदेव काय करतो? ते दान कोणाकोणाला पावले ते तो गाऊन सांगतो. पंढरीच्या विठोबाला पावले, जेजुरीच्या खंडोबाला पावले, तुळजापूरच्या आईला पावले, या घराच्या पूर्वजांना पावले.

माउली, ‘पावणे’ म्हणजे पोचणे. आपण पैसे भरल्यावर जो कागद मागून घेतो त्याला ‘पावती’ म्हणतो, तो शब्द याच ‘पावणे’ पासून आला आहे. वासुदेवाचे गाणे ही गाऊन दिलेली पावती आहे. धान्य त्याच्या झोळीत पडते, त्यावर त्याची लेकरे जेवतात, हे तो लपवत नाही. पण ‘मला मिळाले’ असे तो म्हणत नाही. ‘देवाला पावले’ म्हणतो. झोळी ही वाटेतली जागा आहे, मुक्कामाची नाही, ही जाणीव त्याच्या गाण्यातच विणलेली आहे. ज्ञानोबारायांपासून तुकोबारायांपर्यंत आपल्या संतांनी वासुदेवाचे रूपक उगाच नाही घेतले. देणारा आणि देव यांच्यामध्ये उभा राहून गाणारा माणूस कसा असावा, याचा नमुना त्यांना या भिक्षेकऱ्यात दिसला.

हिशेब जाणणारे संत

संतांना पैशातले काय कळत होते, असे पुष्कळांना वाटते. संत म्हणजे भोळे, व्यवहाराला पाठ केलेले, अशी एक समजूत आहे. ती समजूत खरी नव्हे. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. सावतोबा माळी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. चोखोबा गावाची हलकी मानलेली कामे करीत, जनाबाई दळणकांडण करी. यांतील एकाचीही चूल अभंगावर पेटली नाही. प्रत्येकाची चूल त्याच्या कामावर पेटत होती, आणि अभंग कामाच्या बरोबरीने चालला होता. म्हणून त्यांच्या वाणीत कस लावणे आहे, माप आहे, मळ्याचे पाणी आहे. पैसा किती घामाने येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच पैशावर बोलण्याचा अधिकार पोचतो.

एकनाथ महाराजांची पैची गोष्ट आपण शेकडो कीर्तनांत ऐकली आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत नाथ हिशेबाचे काम पाहत. एका पैचा मेळ बसेना, म्हणून ते रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि विचारले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, मग जन्माची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल? आपण ही गोष्ट एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक धडा आहे. नाथांनी ‘एका पैने काय होते’ असे म्हटले नाही. परक्याची पै ही परक्याचीच, तिचा मेळ बसलाच पाहिजे. ज्याला दुसऱ्याच्या पैची किंमत कळली, त्यालाच गुरूने परमार्थाच्या हिशेबाची दिशा दाखवली.

पुढे हेच हिशेबी हात भारुडात उतरले. नाथांनी सरकारी दफ्तराच्या भाषेत भारुडे रचली आहेत: अर्जदस्त, अभयपत्र, जाबचिठ्ठी. त्यांच्या अर्जदस्तात शरीर हा परगणा होतो, बुद्धी कारकून होते, काम महाजन होतो, मन देशमुख होते. वसुली कशी होते, अंमलदार कसा नाडतो, कागद कसा रंगतो, हे सोळाव्या शतकातल्या रयतेला तोंडपाठ होते. नाथांनी तीच भाषा घेऊन सांगितले की, तुझ्या आतही असाच कारभार चालला आहे आणि वरून बोलावणे येणार आहे. लोक हसत आणि हसता हसता गप्प होत.

इंद्रायणीचा काठ

आता तुकोबारायांकडे येऊ. पैशाच्या गाण्यांचा सर्वांत मोठा धनी महाराष्ट्रात कोण, तर देहूचा हा वाणी. घरात महाजनकी होती, दुकान होते, लोकांना दिलेल्या कर्जाची खते पेटीत होती. इ. स. १६३० च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ दख्खनवर पडला, त्याने हे घर मोडले. पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, मूल गेले, दुकान बसले, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे सारे तुकोबांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवले आहे. भरलेले दुकानही त्यांनी पाहिले होते आणि रिकामेही. म्हणून ‘भांडवल’, ‘मुद्दल’, ‘नाणे’, ‘माप’ हे शब्द त्यांच्या अभंगात येतात तेव्हा ते अलंकार म्हणून आलेले नसतात. दुकानदाराच्या तोंडचे असतात.

महिपतिबुवांनी एक कथा सांगितली आहे. घर सावरावे म्हणून जिजाईने आपल्या नावावर कर्ज काढून तुकोबांना भांडवल उभे करून दिले. त्यांनी मिठाचा व्यापार केला, चार पैसे नफाही झाला, आणि परतताना कर्जापायी छळला जाणारा एक माणूस भेटला, त्याला ती रक्कम देऊन मोकळे झाले. जिजाईला आपण कीर्तनात कजाग म्हणून हसतो. परंतु ते कर्ज तिच्या नावावर होते, हे विसरू नये. फेडायचे तिला होते. तुकोबांच्या दातृत्वाची किंमत या माउलीने भरली आहे.

मग तो प्रसंग आला. कर्जाची खते काढली. अर्धी धाकट्या कान्होबाच्या वाट्याची म्हणून त्याला दिली. आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडली. भावाचा वाटा बुडवण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढा व्यवहार तुकोबांनी त्या क्षणीही पाळला, हे मला फार मोलाचे वाटते. वैराग्य आपल्या वाट्यावर चालते. दुसऱ्याच्या वाट्यावर चालवले तर ती चोरी होते.

पुढे त्याच इंद्रायणीत आणखी कागद गेले, ते अभंगांच्या वह्यांचे. तेरा दिवस तुकोबा शिळेवर पडून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धेची कथा आहे. माउली, नदी एकच. खते बुडाली ती बुडालीच. ती वर यावीत असे कोणाला वाटले नाही, तुकोबांना तर नाहीच. वह्या तरल्या. ज्याने आधी स्वहस्ते खते बुडवली, त्याच्याच वह्या इंद्रायणीने तारल्या, असा या दोन कथांचा माझ्या मनाने लावलेला अन्वय आहे. त्या वह्या लिहिणाऱ्यांत संताजी जगनाडे होते, तेही तेलाचा घाणा चालवणारे, रोज माप हातात धरणारे. आणि पुढे इ. स. १८६९ व १८७३ मध्ये, इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत गाथा छापली गेली ती मुंबई सरकारच्या आश्रयाने. धन नाकारणाऱ्याचे शब्द छापण्यासाठी सरकारी तिजोरी उघडली!

तुकोबांनी पैशाविषयी तीन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितल्या आहेत. ते अभंग आपल्या मुखी आहेत, म्हणून इथे उतरवत नाही. भाव तेवढा सांगतो. पहिली गोष्ट प्रपंचातल्या माणसाला: सरळ मार्गाने मिळव आणि मिळवलेले मन न गुंतवता खर्च कर. त्याला पैसा टाकून दे असे तुकोबा म्हणत नाहीत. दुसरी स्वतःला: सोने पुढे आले तरी ते आम्हाला मृत्तिकेसारखेच. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत गेला, त्या कथेशी हा भाव जोडलेला आहे. तिसरी कीर्तनकाराला: जिथे कीर्तन करशील तिथले अन्न घेऊ नको, हार-बुक्क्याचा मान घेऊ नको, गाडीच्या बैलाला वैरणसुद्धा मागू नको; द्रव्य घेणारा आणि देणारा, दोघांचीही गती एकच.

आता आपण काय करून ठेवले आहे ते पाहा. तुकोबांनी जे स्वतःला सांगितले, ते आपण गादीवर उभे राहून श्रोत्यांना सांगतो. जे प्रपंची माणसाला सांगितले, ते आपण स्वतःसाठी घेतो. आणि जे कीर्तनकाराला सांगितले, तो अभंग सेवेला घेतलेला मी फार थोड्या वेळा ऐकला आहे.

तमासगीर, जलसेवाले आणि गाडगेबाबा

संतांच्या बाहेर गेलो तरी हीच कसोटी लागू पडते. पेशवाईत संगमनेरला अनंत फंदी (इ. स. १७४४ ते १८१९) होऊन गेले. तमाशात त्यांचा मोठा लौकिक होता. लावणी-पोवाड्यावर लोक पैसा उधळत आणि तो पैसा येई तसा जाई. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्यांनी तमाशा सोडला आणि कीर्तनाकडे वळले, अशी परंपरा आहे. त्यांचा उपदेशाचा फटका पुढे शाळकरी पोरांच्याही पाठांतरात आला. त्यात पैशाविषयी जे सांगितले आहे ते रोकडे आहे: चोरीच्या पक्वान्नापेक्षा घामाची भाकर बरी, गाठीला असेल तर चांगल्या कामी लावायला मागे सरू नको, श्रीमंतीचा ताठा मिरवू नको. बैठकीतला पैसा ज्याने दोन्ही हातांनी घेतला आणि गमावला, त्याच्या तोंडून हे आले, म्हणून ते लोकांना पटले. फंदींनी कोणाला संन्यास घ्यायला सांगितले नाही. घर कसे राखावे ते सांगितले.

पेशवाई गेली, इंग्रजी आली, आणि खताच्या कागदाला कोर्टाचे बळ मिळाले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात युद्ध चालले होते, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्यातच सारा वाढला. शेतकरी कर्जात रुतला. अंगठा उठवलेल्या कागदात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात, सुप्याला लोक उठले. त्यांचा राग मुख्यतः कागदावर होता. खते हाती लागली की ती जाळायची, आणि बहुतेक ठिकाणी त्यापलीकडे जायचे नाही, असे त्या उठावाचे रूप होते. हे लोण आसपासच्या गावांत आणि नगरकडे पसरले. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

सुपे काही देहूपासून फार लांब नाही. एका काठी सावकाराने स्वतःच्या हाताने खते बुडवली. सव्वादोनशे वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावर कर्जदारांनी ती जाळली. जे एकाने प्रेमाने केले ते सर्वांनी केले असते, तर दुसऱ्यांना ते आगीने करावे लागले नसते. तुकोबांचा अभंग त्या मुलखात घरोघरी गायिला जात होता. पण खताची पेटी असणाऱ्यांनी तो फक्त ऐकला.

त्याच काळात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्यांनी आपल्या पद्यरचनेला ‘अखंड’ म्हटले, आणि तिचा घाट अभंगाचा घेतला. सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचेच ढोलके-तुणतुणे घेऊन कर्ज, लग्नातली उधळपट्टी आणि न वाचता उठवलेला अंगठा यांवर गाणी गायिली. पुढे आंबेडकरी जलशांतून सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) उभे राहिले. बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, या धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे, असे विचारणारे त्यांचे गाणे खेड्यापाड्यांत पोचले. त्यांचा मार्ग आपल्याहून वेगळा. पण गावोगाव पायपीट करून गाणारा हा माणूस धनवान झाला नाही, हे ऐकणाऱ्याला दिसत होते. आणि म्हणून तो प्रश्न खरा वाटत होता. वाट्याचा प्रश्न विचारणाऱ्याची स्वतःची पेटी भरलेली असती, तर गाणे तिथेच विरले असते.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते गाडगेबाबा. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. मामाच्या घरी गुरे राखली, शेती केली, आणि सावकाराच्या कागदाने घरची जमीन कशी जाते ते लहानपणीच डोळ्यांनी पाहिले. पुढे घर सोडले. हातात खराटा, डोक्यावर खापर. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. गोपाळनामाचे भजन, आणि मध्ये मध्ये लोकांना साधे साधे प्रश्न. कर्ज काढून लग्न करावे का? कर्ज काढून तेरावे घालावे का? नवसाला बकरे कापावे का? पोराला शाळेत घालावे की नाही? उत्तर ते देत नसत, लोकांच्या तोंडून वदवून घेत. माणूस स्वतःच्या तोंडाने ‘कर्ज काढणार नाही’ म्हणाला की ते बोलणे त्याच्या घरापर्यंत त्याच्याबरोबर जाते, हे त्यांना ठाऊक होते. पैशावरचे इतके परिणामकारक कीर्तन महाराष्ट्रात दुसरे झाले नसेल.

आणि त्यांचा हात? बाबांकडे पैसा आला नाही असे मुळीच नाही. पुष्कळ आला, धनिकांनी ओतला. त्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, अन्नछत्रे चालली, शाळा-वसतिगृहे निघाली. त्यातले त्यांनी स्वतःकडे काही ठेवले नाही, कुटुंबाच्या नावावर केले नाही. धर्मशाळा बांधणारा माणूस बाहेर झोपडीत राहिला, खापरात भाकरी कालवून जेवला. वासुदेव जे गाऊन सांगतो ते बाबांनी दगड-चुन्यात करून दाखवले. दान पावले, आणि कोणाला पावले ते आजही पंढरीला जाणारा कोणीही पाहू शकतो. ती इमारत हीच पावती.

पडदा आणि तबकडी

एक गोष्ट न सांगता पुढे जाणे बरोबर होणार नाही. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ चित्रपट काढला. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचे संगीत आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक पद तर इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की पुष्कळ लोक ते तुकोबांचेच समजतात. पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे नट. पण या भूमिकेनंतर लोकांना त्यांच्यात तुकोबाच दिसू लागले. धनाचा निःसंग त्याग सांगणाऱ्या या चित्राने तिकिटाच्या खिडकीवर रांगा लावल्या. पुढे पंडित भीमसेन जोशींच्या ‘संतवाणी’ने अभंग मोठमोठ्या सभागृहांत नेला. तिथेही तिकीट होते.

यात वावगे काय? मला तरी काही दिसत नाही. कंपनीने आपण धंदा करतो हे लपवले नाही. तिकीट काढून बसणारा जाणून बसला. कलावंताने आपल्या विद्येचे मोल घेतले. नरहरी सोनाराने दागिन्याची मजुरी घेतली असेलच की. दोष येतो तो धंद्याला सेवा म्हटल्यावर. सोनाराने मजुरी घेतली तर ठीक. मजुरी घेऊन ‘मी फुकट घडवले’ असे म्हटले की वजनात खोट आली.

पूर्वपक्ष आणि उत्तर

आता आपल्या दारातले बोलू. आज सप्ताहाची तारीख मिळवायला वर्षवर्षभर आधी धावपळ करावी लागते. बिदागी आधी ठरते, काल्याच्या कीर्तनाची वेगळी ठरते, काही ठिकाणी अर्धी आगाऊ जाते. गादीवर मात्र सोने मातीसमान असल्याचे निरूपण चालते. लोक ऐकतात, टाळ्याही देतात, आणि मंडपाबाहेर पडल्यावर आकडा सांगून हसतात.

एका दुष्काळी साली एका गावी सप्ताहाच्या खजिनदाराने मला वर्गणीची वही दाखवली. नावांची रांग, पुढे रक्कम, आणि कित्येक नावांपुढे ‘बाकी’. त्यांतले काही माझ्या ओळखीचे. त्यांच्या नावावर सोसायटीची बाकी होती, दुकानदाराची बाकी होती, आणि आता देवाच्या सप्ताहाचीही बाकी. ती बाकी कोणासाठी वसूल होणार होती? मंडपवाल्यासाठी, आचाऱ्यासाठी आणि महाराजांसाठी. तुकोबांनी देणारा आणि घेणारा यांना एकाच ओळीत का बसवले, ते मला त्या वहीने पुन्हा समजावले. देणारा भक्तीने देतो असे आपण धरून चालतो. पुष्कळदा तो गावात मान खाली जाऊ नये म्हणून देतो, आणि उसने काढून देतो.

यावर पूर्वपक्ष असा होतो की, महाराज, हे बोलणे सोपे आहे. तुमची थोडी जमीन आहे. ज्या पोराने चार वर्षे आळंदीत माधुकरी मागून विद्या केली, ज्याला ना शेत ना नोकरी, त्याने काय खावे? मृदंग वाजवणाऱ्याने बोटे झिजवली, त्याने घरी काय न्यावे? गाडीला तेल लागते, ते कोण घालणार? शिवाय डॉक्टर घेतो, वकील घेतो, मग कीर्तनकारानेच उपाशी का मरावे?

हा पूर्वपक्ष खोटा नाही, आणि त्याला हसून उडवणे हे अधर्माचे होईल. त्या पोराची भूक खरी आहे. परंतु उत्तर आपल्या परंपरेतच आहे. १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था निघाली, ती जोग महाराजांनी काढली. त्या पिढीला कीर्तन हे पोटाचे साधन करायचे नव्हते. सोनोपंत दांडेकर पुण्याच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत, तिथे प्राचार्य झाले. चरितार्थ त्या पगारावर आणि कीर्तन विठ्ठलासाठी. अगदी मुळात जाऊ, तर सावतोबांचा मळा होता आणि गोरोबांचे चाक होते. म्हणून तरुण कीर्तनकाराला माझे सांगणे असे की, बाबा, विद्या करताना हाताला एखादे कामही लावून घे. शेती कर, शिकवणी कर, दुकान चालव, विजेचे काम शीक. त्याने कीर्तन कमी होणार नाही. उलट तुझ्या अभंगाला घामाचा वास येईल. आणि गावकऱ्यांना सांगणे असे की, मृदंगाचार्य आणि टाळकरी यांना वाऱ्यावर सोडू नका. सगळा मान गादीवरच्याला आणि साथीदारांना नुसता नारळ, ही आपली पद्धत बरी नव्हे.

तुकोबांचा नियम अक्षरशः पाळणारा विरळा. तो पाळता येत नसेल, तर निदान आपल्या मनाशी तीन प्रश्न विचारावेत. आकडा मी आधी ठरवला का? ठरवला असेल तर ती मजुरी झाली. मग तिला मजुरीच म्हणावे, सेवा म्हणू नये. दुसरा प्रश्न, हा पैसा कोणाच्या घरातून आला? त्या घरात कर्जाची बाकी असेल, तर तो पैसा खाली ठेवावा. तिसरा प्रश्न वासुदेवाचा: हे दान माझ्या झोळीतून पुढे कोणाला पावले? या तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याने निःशंकपणे घ्यावे.

श्रोतेहो, आपणही थोडे जबाबदार आहोत. मोठा आकडा घेणारा तो मोठा महाराज, हे माप कोणी काढले? आपणच काढले. गावातला एखादा म्हातारा विणेकरी चाळीस वर्षे एकादशीला उभा राहतो, एक पैही मागत नाही, आणि त्याच्या कीर्तनाला पंधरा माणसे जमतात. पोराच्या पावसाच्या गाण्यातला सिद्धांत आपण मोठेपणी विसरलो. पाऊस पैशाने आला नव्हता. पैसा तर खोटा निघाला होता.

इंद्रायणीने एकदा निवाडा करून ठेवला आहे. तिच्यात जे पडले त्यातले काय बुडाले आणि काय तरले, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक खताची पेटी असते आणि एक अभंगाची वही असते. पेटी हलकी होत गेली तर वहीला तरायला जागा मिळते. पांडुरंग आपल्या सर्वांना तेवढी बुद्धी देवो.

रामकृष्णहरी.